वस्तीतल्या शाळेत रुजू होताना: मुलांविषयीचे आपले मत कसे तपासावे

डी.एल.एड. ही शिक्षक पदविका आणि टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन नवी मुंबईतल्या दिघा, तुर्भे किंवा ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या शाळेत रुजू होणाऱ्या शिक्षकाचे मुलांविषयीचे मत बहुधा पहिल्या तासापूर्वीच तयार झालेले असते. ते स्वतःच्या शाळेच्या आठवणींतून येते आणि 'इथले पालक लक्षच देत नाहीत' हे वाक्य मधल्या सुट्टीत चार वेळा कानावर पडले, की पक्के होते.

म्हणून पहिला महिनाभर वहीत कोणत्याही मुलापुढे विशेषण लिहू नये. जे दिसले तेवढेच लिहावे. 'आळशी' असे लिहिले की चौकशी तिथेच थांबते, पण 'सोमवारी दोनदा डुलकी लागली' असे लिहिले तर कारण विचारावेसे वाटते, आणि मग कळते की आई पहाटेच वाशीच्या भाजी बाजारात कामाला जाते व धाकट्या भावंडाचे सगळे या मुलीकडे असते.

दुसरे काम मोजणीचे आहे, आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते. अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांना असे आढळले होते, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे 1 सेकंदच थांबतात, आणि हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी अधिक थांबतात. हा अवकाश 3 सेकंदांपर्यंत वाढवल्यावर उत्तरे लांब व विचारपूर्वक येऊ लागली, शिवाय काही मुलांविषयीच्या शिक्षकांच्या अपेक्षाही बदलल्या. आठवड्यातून एक तास सहकाऱ्याला मागे बसवून आपण कोणाला विचारतो आणि किती थांबतो, याची नोंद करवून घ्यावी.

गृहभेटीला तक्रार घेऊन जाऊ नये, शिकायला जावे. माथाडी कामगाराचा मुलगा किलोच्या भावावरून 50 किलोच्या गोणीची किंमत तोंडी सांगतो आणि वहीत मात्र गुणाकाराच्या मांडणीशी अडतो; अशा वेळी त्याला गणित येत नाही असे म्हणणे चूक आहे, त्याला फक्त मांडणी शिकवायची आहे. घरी गोरमाटी (बंजारा समाजाची बोली), कन्नड किंवा भोजपुरी बोलली जात असेल, तर वर्गातल्या गप्प बसण्याचाही अर्थ बदलतो.

'तुझ्याकडून काय होणार' हा टोमणा तर पूर्णपणे टाळावा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार मारण्याप्रमाणेच मानसिक छळालाही मनाई आहे.

रुजू होताना, ज्यांच्याविषयी आपल्याला अगदी खात्री वाटली अशा तीन मुलांची नावे शेवटच्या पानावर लिहून ठेवावीत, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांच्यापुढच्या नोंदी सलग वाचाव्यात.