पुस्तकातून पायथन शिकताय? या चुका टाळा

मालवणात संध्याकाळी माझ्याकडे पाच-सहा मुलं पायथनच्या, म्हणजे संगणकाचे प्रोग्रॅम लिहायच्या एका भाषेच्या, शंका घेऊन येतात. प्रत्येकाचं पुस्तक वेगळं, अडण्याच्या जागा मात्र त्याच.

पुस्तक कोणत्या सालचं, हे न पाहणं

मागच्या मे महिन्यात देवगडकडचा एक मुलगा आला. "सर, पुस्तकात आसा तसाच टाईप केलंय, तरी चालणा नाय." पहिलाच प्रिंट, म्हणजे पडद्यावर मजकूर दाखवायचा हुकूम, अडला होता. तीन दिवसांत त्याने चार वेळा पायथन काढून पुन्हा टाकलं होतं. मी पुस्तकाचं आतलं पान उघडलं. साल 2009. पायथन 3 ही आवृत्ती डिसेंबर 2008 मध्ये आली, पण पुढे बरीच वर्षं पुस्तकं पायथन 2 चीच निघत राहिली. त्या पायथन 2 ची देखभाल 1 जानेवारी 2020 ला संपली. त्यात प्रिंटला कंस लागत नसे, आता लागतो. एररच्या, म्हणजे चूक सांगणाऱ्या संदेशाच्या, शेवटच्या ओळीत कंस राहिल्याचं सरळ लिहिलेलं होतं. ती ओळ त्याने वाचलीच नव्हती. लाल अक्षरं दिसली की मुलं घाबरून खिडकी बंद करतात. आधी शेवटची ओळ वाचा, मग ओळ क्रमांक बघा.

कंस घालून तो गेला आणि आठवड्याने परत आला. आता घरच्या आंब्यांचा हिशोब होता: 250 आंबे, पेटीत 48. पुस्तकाच्या पद्धतीने उत्तर 5 यायला हवं, पण येत होतं 5.2083 आणि पुढे आकडेच आकडे. पायथन 2 मध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच यायचा, 3 मध्ये तसं नाही. भरलेल्या पेट्या हव्या असतील तर दोन तिरप्या रेघा द्यायच्या, उरलेले 10 आंबे हवे असतील तर टक्क्याचं चिन्ह. इथे एरर येत नाही, नुसतं उत्तर बदलतं, म्हणून मला ही चूक जास्त छळते. कुणी फुकट दिलं म्हणून जुनं पुस्तक धरून बसू नका.

कॉपी-पेस्ट

पीडीएफमधून उचललेल्या कोडमध्ये अवतरणचिन्हं वाकडी येतात, ओळींपुढच्या मोकळ्या जागा उडतात आणि पायथनचं सगळं त्या जागांवरच चालतं. हाताने टाईप करा. चाललं की मी मुद्दाम एक कंस काढतो, एखादं नाव चुकवतो आणि काय एरर येते ते वहीत लिहितो. ही वही पुस्तकाइतकीच कामाची आहे. "सात दिवसांत शिका" म्हणणाऱ्यांकडे अशी वही करायला वेळ नसतो, म्हणून मला ते आवडत नाहीत.

इनपुटला आकडा समजणं

12 आणि 15 पेट्यांची बेरीज 1215 आली, तर इनपुटमधून, म्हणजे वापरणाऱ्याने टाईप केलेल्यातून, आकडा नाही, मजकूर आलाय. बेरजेआधी त्याला इंट लावा, म्हणजे मजकुराचा पूर्णांक होतो.

टॅब आणि स्पेस मिसळणं

ओळीपुढच्या मोकळ्या जागेसाठी चार स्पेस ठरवा, कोड लिहायच्या एडिटरला तसं सांगा, विषय संपला.

धडे गाळणं

लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करवणं, न समजता थेट गेम बनवायला जाऊ नका. मी अशा मुलांना मागच्या धड्यावर परत पाठवतो. रुसतात, पण परत येतात.

लाईट गेली की पुस्तक मिटणं

पावसात आपल्याकडे लाईट जाणारच. तेव्हा पडवीत बसून धड्यातला एक प्रोग्रॅम वहीत उतरवा आणि प्रत्येक ओळीनंतर कोणत्या व्हेरिएबलमध्ये (किंमत साठवायच्या नावात) काय असेल ते शेजारी लिहा. लाईट आली की चालवून ताडून बघा.