मांगाका गेला, पण गेम आणि मांगा चालू ठेवायचेत: कसं करायचं

एखादी सिरीज तीस-चाळीस वर्षं चाललेली असते, मांगा (जपानी कॉमिक) असतो, गेम असतात, कार्डं असतात, आणि एक दिवस ज्याच्या हातातून हे सगळं उतरलं तो माणूसच, म्हणजे मांगाकाच, जातो. जपानमध्ये गेल्या काही वर्षांत हे किती वेळा झालं बघा. मे 2021 मध्ये बर्सर्कचे केंतारो मिउरा गेले, त्याच सप्टेंबरात गोल्गो 13 चे ताकाओ साइतो, जुलै 2022 मध्ये यु-गि-ओचे काझुकी ताकाहाशी, आणि 1 मार्च 2024 ला ड्रॅगन बॉलचे अकिरा तोरियामा. प्रत्येक ठिकाणी मागे राहिलेल्यांनी वेगळा रस्ता धरला, आणि ते रस्ते एकापुढे एक मांडून बघितले की अशा वेळी काय करायचं याचा बराच अंदाज येतो.

हे लिहितोय ते संपादक, असिस्टंट, गेमवाले आणि घरचे लोक यांना धरून. माझं मत आधीच सांगतो म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल: तो काय ठेवून गेला आणि तुम्ही काय घातलं, हे वाचकाला शेवटपर्यंत वेगवेगळं दिसलं पाहिजे. बाकी सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

आधी गप्प बसा

पहिले काही दिवस काहीच ठरवायचं नाही. बातमी कधी सांगायची हे घरच्यांनी ठरवायचं, कंपनीने नाही. तोरियामांची बातमी 8 मार्चला आली तोपर्यंत घरच्यांपुरता अंत्यविधी होऊन गेला होता, मिउरा 6 मेला गेले आणि जाहीर झालं 20 मेला. लोकांना उशीर वाटतो, वाटू दे, घरच्यांना तेवढा वेळ मिळालाच पाहिजे. आणि त्या पहिल्या निवेदनात "सिरीज चालूच राहील" असलं काही लिहू नका. तोरियामांच्या निवेदनात एवढंच होतं की बरीच कामं अर्धवट होती आणि ती ते मोठ्या उत्साहाने करत होते, पुढचं वचन काही नाही. ते बरोबर केलं. दुःखात दिलेलं वचन नंतर टीमच्या मानेवर बसतं, मग मन नसताना पण करावं लागतं.

मग कागद बघा

हा भाग कंटाळवाणा आहे पण इथेच बऱ्याच गोष्टी अडकतात. जपानमध्ये कॉपीराइट लेखक गेल्यानंतर 70 वर्षं चालतो (2018 च्या शेवटी 50 चे 70 झाले), म्हणजे 2024 मध्ये गेलेल्या माणसाचं काम 2094 संपेपर्यंत कुणाच्या तरी मालकीचं आहे. ते "कुणाच्या तरी" म्हणजे नक्की कुणाच्या, हे पहिल्यांदा बघायचं. वारस एकापेक्षा जास्त असतील आणि हक्क सगळ्यांचा मिळून असेल तर कॉपीराइट कायद्याचं कलम 65 सांगतं की सगळ्यांची संमती लागते, कारण नसताना कुणी अडवून धरू शकत नाही हे खरं, पण भांडण कोर्टात गेलं की सिरीज तशीही बसते. म्हणून घरच्यांकडून बोलणारा एकच माणूस ठरवा आणि ते लेखी घ्या.

अजून एक, हे फार लोकांना माहीत नसतं. हक्क विकत घेतले असा जुना करार सापडला म्हणून खूश होऊ नका. त्यात कलम 27 आणि 28 चा, म्हणजे रूपांतर करण्याचा आणि त्या रूपांतरावरचा हक्क, नाव घेऊन उल्लेख नसेल तर ते हक्क मूळ माणसाकडेच राहिले असं कायदा धरून चालतो. नवीन मांगा, नवीन गेम हे सगळं तिथेच येतं. शिवाय कलम 60 आहे, माणूस जिवंत असता तर ज्याने त्याचा मान दुखावला असता असं काही त्याच्या कामाचं करता येत नाही, आणि त्याबद्दल दाद मागायचा अधिकार पती-पत्नी, मुलं, आई-वडील अशा क्रमाने घरच्यांना असतो. थोडक्यात घरच्यांना फक्त सही करायला बोलवू नका, रूममध्ये बसवा.

आता खरं काम: जे आहे ते गोळा करा

याला सगळ्यात जास्त वेळ द्या. पूर्ण झालेली पानं, अर्धी इंक केलेली पानं, नेम (पानांचा कच्चा आराखडा), वहीच्या मागे खरडलेलं, गेम कंपनीला पाठवलेली डिझाइनं आणि त्याबरोबर लिहिलेल्या नोट्स, संपादकाबरोबरचे मेसेज, सगळं. जे जिथे सापडलं तिथेच आधी फोटो काढा आणि मग हलवा, कारण कुठल्या कागदाखाली कुठला कागद होता यावरून पण कळतं की तो कशावर काम करत होता. शिनचॅनचे योशितो उसुई सप्टेंबर 2009 मध्ये डोंगरावरून पडून गेले, त्यानंतर तयार पानं सापडली म्हणून मूळ मालिका 2010 पर्यंत छापता आली. घाईघाईने स्टुडिओ आवरला असता तर?

कागद संपले की माणसांची आठवण. इथे बर्सर्कचं उदाहरण सगळ्यांनी नीट वाचण्यासारखं आहे. मिउरांनी शेवट लिहून ठेवला नव्हता, पण साधारण तीस वर्षांपूर्वी आपल्या शाळेपासूनच्या मित्राला, कोउजी मोरींना, गोष्ट शेवटपर्यंत सांगितली होती. मोरी स्वतः मांगाका आहेत, मनात आणलं असतं तर गाळलेल्या जागा छान भरता आल्या असत्या त्यांना. पण काम हातात घेतानाच त्यांनी जाहीर केलं की मिउरांनी जे मला सांगितलं तेवढंच लिहीन, जे नीट आठवत नाही ते लिहिणार नाही, आपल्या मनाने भर घालणार नाही. मला हे वाचलं तेव्हा खरंच भरून आलं होतं, कारण मित्राबद्दलचा एवढा आदर दिसतो त्यात, आणि एक सिरीज पुढे न्यायचा नियम पण त्यातच आहे सगळा.

तुमच्याकडे असा एक मित्र नसेल, बहुतेक वेळा नसतोच, दहा जणांच्या डोक्यात दहा तुकडे असतात. मग असं करा: प्रत्येकाला वेगळं बसवून बोलतं करा, एकत्र नाही, कारण एकत्र बसले की एकाची आठवण दुसऱ्याची होते आणि तासाभरात सगळ्यांना "हो हो, असंच म्हणाले होते" वाटायला लागतं. रेकॉर्ड करा. प्रत्येक वाक्यापुढे तीन गोष्टी लिहा, हे त्याने स्वतः सांगितलं का, कधी, आणि अजून कुणी ऐकलं का. जे "मला वाटतं त्यांना असं करायचं असेल" या प्रकारचं आहे ते दुसऱ्या फाइलमध्ये टाका, ती फाइल फेकायची नाही पण पहिल्या फाइलमध्ये कधी मिसळायची पण नाही. दोन लोकांचं पटलं नाही तर दोन्ही लिहा. आणि हे पहिल्या महिन्यात करा, वर्षाने विचाराल तर लोक स्वतः चर्चेत ऐकलेलंच परत सांगतील.

चालू ठेवायचं म्हणजे नक्की काय करायचं

याची उत्तरं वेगवेगळी आहेत आणि मांगाचं उत्तर गेमला लागू पडेलच असं नाही. गोल्गो 13 तर 1968 पासून चालू आहे, साइतोंनी पहिल्यापासून कामाची वाटणी केलेली, गोष्ट लिहिणारे वेगळे, चित्र काढणारे वेगळे, आणि आपल्यानंतर पण हे चालू राहावं अशी त्यांची इच्छा होती, त्यामुळे ते गेल्यावर साइतो प्रॉडक्शनने थांबवलं नाही. तिथे प्रश्नच सोपा होता. ज्याच्या सिरीजमध्ये डोळ्याची शेवटची रेघ पण तोच मारायचा, तिथे गोल्गोकडे बोट दाखवून उपयोग नाही.

शिनचॅनमध्ये मूळ मालिका संपवली आणि स्टाफने त्याच वर्षी नावात "नवीन" घालून दुसरी सुरू केली. डोरेमॉनमध्ये फुजिको एफ. फुजिओ 1996 मध्ये गेले तेव्हा मोठी गोष्ट अर्धवट होती, ती त्यांच्या स्टाफने पूर्ण केली आणि 1997 चा चित्रपट त्यावरच आला. ड्रॅगन बॉल सुपरची गोष्ट अजून वेगळी, तिथे तोयोतारो 2015 पासून काढत होते, तोरियामा ढोबळ कथा द्यायचे आणि नेम तपासायचे, म्हणजे पुढचा माणूस गुरू असतानाच तयार होत होता, तरीसुद्धा मार्च 2024 नंतर मासिक मालिका थांबली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये एक स्वतंत्र चॅप्टर आला. लोक याला रखडणं म्हणतात, मला नाही पटत, तपासणारा माणूस गेला तर थांबायलाच पाहिजे.

गेमचं गणित निराळं असतं. गेमला वर्षानुवर्षं लागतात, त्यामुळे तो गेल्यानंतर पण त्याने आधीच केलेलं काम बाहेर येत राहतं. अॅनिमेचं (जपानी कार्टून मालिकांचं) पण तसंच, ड्रॅगन बॉल दाइमा ही अॅनिमे मालिका ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाली आणि तिची कथा, डिझाइनं तोरियामांचीच होती. ड्रॅगन क्वेस्ट 3 या गेमचा रिमेक त्याच नोव्हेंबरात आला, तो तोरियामांच्या जुन्या डिझाइनांवरच उभा होता. खरी कसोटी ड्रॅगन क्वेस्ट 12 ची आहे, 2021 मध्ये जाहीर झाला, मग त्याच वर्षी संगीतकार कोइची सुगियामा गेले आणि नंतर तोरियामा, आणि 1986 च्या पहिल्या गेमपासूनच्या तिघांपैकी गेमचे लेखक युजी होरिई एकटे राहिले. त्यांनी मे 2024 मध्ये लिहिलं की हा गेम त्या दोघांचं शेवटचं काम असणार आणि त्याला शोभेल असाच करायचाय. म्हणून गेमवाल्यांनी सगळ्यात आधी एक यादी करायची, त्याच्या हातची किती डिझाइनं शिल्लक आहेत आणि गेमला किती लागतात. कमी पडत असतील तर गेम छोटा करा किंवा उरलेली उघडपणे दुसऱ्याच्या नावाने करा. यु-गि-ओसारखं कार्ड गेमचं असेल तर ओझं हलकं असतं, कारण तिथे कोनामी या गेम कंपनीची टीम आधीपासूनच कार्डं बनवत होती, फक्त मूळ पात्रं नवीन गोष्टीत वापरताना जपून.

हात कुणाचा

एकच वारसदार शोधत बसू नका. बर्सर्कचं चित्र आज स्टुडिओ गागा काढतो, म्हणजे मिउरांचेच असिस्टंट, जे आधीपासून त्या पानांवर काम करत होते. बाहेरून मोठं नाव आणण्यापेक्षा हे कधीही बरं.

स्टाइल शीट (चित्रं कशी काढायची याचे नियम) बनवताना फक्त "कसं दिसतं" लिहू नका, "का असं आहे" ते लिहा. ड्रॅगन बॉलचा नायक गोकू सुपर सायन (त्याचं जास्त ताकदीचं रूप) झाल्यावर त्याचे केस पांढरे का राहतात मांगात? कारण काळे केस भरण्यात असिस्टंटचा फार वेळ जायचा, तो वाचावा हा एक विचार त्यामागे होता. हे माहीत असलेला माणूस पुढे नवीन रूप काढताना वेगळा विचार करतो. किंवा ड्रॅगन क्वेस्टचा स्लाइम हा राक्षस घ्या. होरिईंनी दिलेलं कच्चं चित्र म्हणजे नुसता चिकट गोळा पसरलेला, तोरियामांनी त्याचा थेंब केला, वर एक टोक, दोन गोल डोळे, रुंद हसू, बस. हात नाहीत, पाय नाहीत, दात नाहीत. आता नवीन राक्षस काढणाऱ्याला थेंबाची कॉपी शिकवून काय होणार, त्याला हे शिकवायचं की दुसऱ्याने दिलेल्या कल्पनेतून काय काय काढून टाकलं. शक्य असेल तर कच्चं चित्र आणि पक्कं चित्र शेजारी शेजारी लावून बसा आणि प्रत्येक फरकाचं कारण टीमकडून वदवून घ्या, एका दुपारी जेवढं कळतं तेवढं महिनाभर ट्रेस करून कळत नाही.

एआय वापरायचा का हे आता प्रत्येक मीटिंगमध्ये निघतं. कधीच गेलेले मांगाका ओसामु तेझुका यांच्या बाबतीत 2023 मध्ये त्यांच्या ब्लॅक जॅक या मांगाचा नवीन चॅप्टर एआयची मदत घेऊन केला होता, पण तेझुकांचा मुलगा त्यात होता आणि एआय वापरलाय हे आधीच सांगून केलं होतं. घरच्यांची संमती आणि उघड नाव, या दोन्ही गोष्टी नसतील तर हात लावू नका.

नाव कसं छापायचं

कव्हरवरच छापायचं, शेवटच्या पानावर बारीक अक्षरात नाही. बर्सर्कवर मूळ कृती मिउरा, चित्र स्टुडिओ गागा, देखरेख मोरी असं येतं, वाचकाने पुस्तक उचललं की लगेच कळतं. गेममध्ये सुरुवातीच्या क्रेडिटमध्ये त्याचं नाव ठेवा, पण ज्या राक्षसाला त्याने हात लावला नाही त्याच्यावर त्याचं नाव नको, जाहिरातीत तर मुळीच नको. मार्केटिंगवाले "त्यांच्या शेवटच्या इच्छेनुसार" असं वाक्य मागतील. ते वर सांगितलेल्या पहिल्या फाइलमध्ये असेल तरच द्यायचं.

परत सुरू करताना

छोटं वचन द्या. बर्सर्क 24 जून 2022 ला परत सुरू झालं, मिउरांचा म्हणून छापलेला 364 वा चॅप्टर सप्टेंबर 2021 मध्ये आला होता, मध्ये नऊ महिने. आणि सांगताना पूर्ण शेवटाची तारीख नाही सांगितली, आधी चालू भागाचे सहा चॅप्टर, मग पुढचा भाग, एवढंच. सहा छापले आणि परत थांबले तयारीला. मोजकं बोलले म्हणून पाळता आलं.

पहिल्या चॅप्टरला शिव्या पडणार. त्यात "रेघ वेगळी वाटते" वाल्या तक्रारी टीमने वाचाव्यात, त्यात बऱ्याचदा तथ्य असतं. "बंद करा" वाल्या असिस्टंटना वाचायला लावू नका, त्यांनी पण आपला माणूस गमावलाय, ते रोज त्याच टेबलाशी बसून काम करतायत.

आणि जे पुढे नेता येणार नाही असं ठरेल ते लपवून ठेवू नका. तेझुका 1989 मध्ये गेले तेव्हा त्यांचा नियो फाउस्ट हा मांगा अर्धवट राहिला, पुस्तकात तो तसाच आहे, शेवटी कच्च्या आराखड्याची पानं. कुणी त्यावर इंक केलं नाही. तुमच्याकडे अशी पानं असतील तर चांगल्या कागदावर, मूळ आकारात, पेन्सिलच्या खुणांसकट छापा, खोडलेलं पण दिसू दे, आणि शेजारी फक्त तारीख माहीत असेल तर तारीख टाका.