अथेन्समधल्या गुलामविक्रीची दगडी यादी कशी वाचावी

इ.स.पू. ४१५ मध्ये अथेन्समध्ये हर्मीस या देवाच्या मूर्ती फोडल्या गेल्या, अथेन्सजवळच्या एल्युसिस या तीर्थाच्या गुप्त विधींची विटंबना झाली. दोषी ठरलेल्यांची मालमत्ता जप्त करून लिलावात काढली: घरं, शेतं, भांडीकुंडी आणि माणसंही. तो हिशेब दगडांवर कोरलेला आहे. सुरुवात करायला त्यातली पिरेयस बंदरात राहणाऱ्या केफिसोदोरोस या परदेशी रहिवाशाच्या १६ गुलामांची यादी घ्या.

आधी रकाने ओळखा. डावीकडे विक्रीकर, मग किंमत, शेवटी माणसाचं वर्णन. कर साधारण १ टक्का, पण टप्प्याटप्प्याने वाढणारा. म्हणून किंमत झिजली असेल तर करावरून ती ढोबळच कळते.

मग आकडे. त्रिकोण म्हणजे १०, ग्रीक ईटा (H) म्हणजे १००, गॅमासारखी (Γ) खूण ५. तिच्या पोटात छोटा त्रिकोण असला की ५०. पहिल्या ओळीत शंभर, पन्नास, दहा, पाच अशा खुणा आहेत: १६५ द्राख्मा (अथेन्सचं चांदीचं नाणं), थ्रेसची, म्हणजे ग्रीसच्या उत्तरेकडच्या मुलखातली बाई.

किमतीचे रुपये करू नका, काही हाती लागत नाही. रोजंदारीशी ताडून पाहा. पुढच्याच दशकात एरेख्थेइऑन मंदिराच्या कामावर कारागिराला दिवसाला १ द्राख्मा मिळत होता, मग तो नागरिक असो वा गुलाम. म्हणजे ही बाई १६५ दिवसांच्या मजुरीला विकली गेली.

सरासरी १५७ द्राख्मा येते, पण तिच्यावर थांबलात तर यादी हातची गेली. सीरियाचा एक पुरुष ३०१ला, लिडियाची (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातली) बाई ८५ला. फरक का, हे दगड सांगत नाही. वय, कसब, प्रकृती यांचा रकानाच नाही. नावंही नाहीत, फक्त मुलूख.

सगळ्यात जास्त चुका ‘पाइस’ या शब्दापाशी होतात. त्याचा अर्थ मूल, पण ग्रीक लोक म्हाताऱ्या गुलामालाही याच शब्दाने हाक मारत. इथे मात्र कारियाचा (हा मुलूखही आजच्या तुर्कस्तानात) पुरुष १०५ला, कारियाचा ‘पाइस’ १७४ला आणि कारियाचं ‘पाइदिऑन’ ७२ला अशा तीन वेगळ्या ओळी आहेत, म्हणून ‘पाइस’ म्हणजे मुलगाच घ्यावा. ‘पाइदिऑन’ म्हणजे लहान लेकरू, आणि शब्द नपुंसकलिंगी, तेव्हा मुलगा की मुलगी ते ठरवू नका. तिघांना एका घरचं मानायचा मोह होतो, तोही आवरा. मुलूख एक असल्याने नातं सिद्ध होत नाही, आणि त्या लेकराची आई कोण, कुठे राहिली, याला दगडावर जागाच ठेवलेली नाही.