जुन्या गाडीसाठी नवा रेडिओ घेताना
पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत शिरण्याआधी बॉनेट उघडा आणि बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय ते बघा. जुन्या मॉरिस मायनरसारख्या ब्रिटिश गाड्यांत प्लस अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं. आजचा मायनस अर्थवाला सेट तिथे थेट जोडला तर जळालाच म्हणून समजा. बॅटरी ६ व्होल्टची असेल तर १२ व्होल्टचा सेट नुसता जोडून चालणार नाही.

मग माप. सिंगल डिन, म्हणजे ठरलेल्या प्रमाण मापाचा सेट साधारण १८० बाय ५० मिमीचा. दोन नॉबच्या जुन्या रेडिओची खाच त्याहून लहान. "कापून बसवतो की!" दुकानदार म्हणतील. मुळीच कापू देऊ नका, मूळ डॅशबोर्ड पुन्हा मिळणं मुश्कील. दोन नॉबचाच ब्लूटूथवाला सेट शोधा, नाहीतर ग्लव्ह बॉक्समध्ये लपवा. सेट कुठेही बसवला तरी पुण्यात १०१ एफएम लागेल, अँटेना तेवढा धड हवा.