सनस्क्रीनवर मेकअप फाटतोय? या चुका टाळा

"ताई, सनस्क्रीन लावलं की मेकअप बसतच नाही." लग्नसराईत मेकअपच्या खुर्चीत बसणाऱ्या निम्म्या जणी हे म्हणतात आणि उपायही सांगून टाकतात: "म्हणून मी अगदी हरभऱ्याएवढंच घेते." एवढंसं घेतलं की मेकअप छान बसतो, यात वाद नाही. फक्त मग चेहऱ्यावर सनस्क्रीन असल्याचं समाधान तेवढं उरतं, ऊन अडवायला काही उरत नाही. मेकअप बिघडत असेल तर सनस्क्रीन कमी करू नका, त्याच्या खालचे थर कमी करा. बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात.

कारण सोपं आहे. मॉइश्चरायझर त्वचेत मुरावं अशी आपली अपेक्षा असते. सनस्क्रीनचं तसं नाही. ते वरच राहून पातळ, सलग पापुद्रा तयार करतं आणि तो पापुद्रा ऊन अडवतो. पण आपण त्यालाही मॉइश्चरायझरसारखंच चोळत बसतो, "अजून मुरलं नाही" म्हणून आणखी चोळतो आणि ते ओलं असतानाच वर फाउंडेशन ओढतो. घावन कडेने सुटायच्या आत उलथनं घातलं तर फाटणारच.

वळ्या निघतात तेव्हा

सगळ्यात मोठी डोकेदुखी हीच. फाउंडेशन लावायला घेतलं की गालावर, जबड्याच्या कडेला, नाकाशेजारी मळाच्या वळ्यांसारखे बारीक गोळे निघतात. लगेच कंपनीला शिव्या घालून ट्यूब बहिणीला देऊन टाकू नका. आधी चोर कोण ते बघा.

मनगटाच्या आतल्या बाजूला रोजचे थर रोजच्याच क्रमाने लावा. सीरम, मग बोटाने हलकं चोळून बघा. मॉइश्चरायझर, पुन्हा चोळा. मग सनस्क्रीन, मग प्रायमर (फाउंडेशनखाली लावायचा गुळगुळीत थर), मग फाउंडेशन. ज्या पायरीला गोळे येतात, तिथलं किंवा तिच्या लगेच खालचं उत्पादन गुन्हेगार. सनस्क्रीन येण्याआधीच वळ्या निघाल्या, तर सनस्क्रीन बिचारं फुकट बदनाम होत होतं म्हणायचं.

बऱ्याचदा दोष निघतो तो जेलसारख्या, चिकटसर सीरममध्ये. कार्बोमर, झँथन गम असे दाटपणा आणणारे घटक वाळले की त्यांचा स्वतःचाच एक थर बनतो. त्यावर सनस्क्रीन घासलं की तो सुटून येतो. हायलुरॉनिक, नायसिनामाइड आणि व्हिटॅमिन सी अशी तीन सीरमं एकावर एक चढवून वर मॉइश्चरायझर लावणाऱ्यांचं तर विचारूच नका. सकाळी एक सीरम पुरे, बाकीची रात्रीसाठी ठेवा. तेलकट त्वचा असेल आणि सनस्क्रीन क्रीमसारखं असेल, तर सकाळचं मॉइश्चरायझरही गाळायला हरकत नाही. सनस्क्रीनच्या खाली किंवा वर चेहऱ्याला लावायचं तेल मात्र नकोच. त्याने पापुद्रा पातळ होतो, सरकतो आणि फाउंडेशनही जागेवर राहत नाही.

"सिलिकोनवर सिलिकोन, पाण्यावर पाणी" हा नियम तुम्ही ऐकला असेल. डायमेथिकोन, सायक्लोपेंटासिलॉक्सेन अशी नावं घटकांच्या यादीत वर दिसली की ते उत्पादन सिलिकोनचं, असं धरतात. नियमाचा उपयोग होतो, पण त्याला वेदवाक्य मानू नका. बहुतेक सनस्क्रीनमध्ये पाणीही असतं आणि तेल किंवा सिलिकोनही. यादी वाचून अंदाज येतो, खात्री मनगटावरच होते.

उरली लावण्याची पद्धत. चोळायचं नाही, थापायचं. बोटांनी पटापट पसरवा, मग तळव्याने हलकेच दाबा आणि हात काढा. फाउंडेशनही ब्रशने ओढू नका, ओलसर स्पंजने टिपत लावा. स्पंज ओला करून घट्ट पिळलेला हवा. पाणी टिपकत असेल तर खालचा थर उचलला जातो.

आणि थांबा. जेलसारख्या हलक्या सनस्क्रीनला पाचेक मिनिटं, दाट क्रीमला दहा. घड्याळाकडे बघण्यापेक्षा हाताची मागची बाजू गालाला टेकवून बघा. त्वचा हाताला चिकटून ओढली जात असेल तर अजून वेळ आहे. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत मे महिन्यात हे लवकर वाळत नाही, पंख्याखाली बसा. तेवढ्यात अंबाडा घालून होतो, निऱ्या काढून होतात. नवरीच्या बाबतीत तर मी सनस्क्रीन लावून आधी केसांनाच हात घालते.

किती लावायचं, हा कळीचा प्रश्न

एसपीएफ, म्हणजे सनस्क्रीन ऊन किती अडवतं त्याचं माप, मोजताना प्रयोगशाळेत त्वचेच्या दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम सनस्क्रीन लावतात. डब्यावरचा ३० किंवा ५० हा आकडा त्या प्रमाणाचा आहे. तेवढं लावलं तर ३० वालं साधारण ९७ टक्के यूव्हीबी (त्वचा भाजणारे अतिनील) किरण अडवतं, ५० वालं ९८ टक्के. म्हणजे दोघांत फरक नगण्य. खरा फरक पडतो तो प्रमाणात. निम्मं लावलं की संरक्षणही निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं.

मग रोज वजनकाटा घेऊन बसायचं का? नाही. ब्रिटनमधल्या स्टीव्ह टेलर आणि ब्रायन डिफी यांनी २००२ साली एक सोपं माप सुचवलं होतं: तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत सनस्क्रीनची एकेक रेघ. चेहरा आणि मान मिळून तेवढं.

दोन बोटं एकदम चेहऱ्यावर थापली की चेहरा पांढरा आणि ओशट होणारच. म्हणून दोन हप्त्यांत लावा. आधी एका बोटाचं, ते बसलं की दुसऱ्याचं. पातळ दोन थर एका जाड थरापेक्षा लवकर वाळतात, आणि पहिल्या वेळी राहिलेल्या जागा दुसऱ्या वेळी भरून निघतात. कपाळाची केसांलगतची कड, कानाच्या पाळ्या आणि मानेची मागची बाजू हमखास राहते. मागून खोल गळ्याचा ब्लाउज असेल तर पाठही. पाडव्याला गिरगाव-डोंबिवलीच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून सकाळभर उन्हात फिरलेल्यांच्या पाठीवर संध्याकाळी ब्लाउजचा गळा जसाच्या तसा छापलेला दिसतो, चेहरा मात्र ठीक.

"फाउंडेशनमध्ये एसपीएफ आहे की!"

असू दे. बोनस समजा. डब्यावर लिहिलेलं संरक्षण मिळवायचं तर फाउंडेशनही दोन बोटं लावावं लागेल. तसं लावून घराबाहेर पडायची हिंमत कोणी करणार नाही. कॉम्पॅक्टचंही तेच.

याहून वाईट सवय म्हणजे वेळ वाचवायला सनस्क्रीन आणि फाउंडेशन तळहातावर कालवून एकत्र लावणं. सनस्क्रीनचा पापुद्रा सलग बनतो तो त्याच्या ठरलेल्या मिश्रणामुळे. त्यात दुसरं काही कालवलं की तो कुठे जाड, कुठे विरळ होतो. वरून बघून ते कळत नाही, हीच पंचाईत.

प्रायमर लावत असाल तर तो सनस्क्रीनच्या वर. खाली मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन, ते बसल्यावर प्रायमर, मग बेस, म्हणजे फाउंडेशन. आणि प्रायमर सगळ्या चेहऱ्याला कशाला? नाकाच्या बाजूची मोठी रंध्रं आणि कपाळाचा मधला भाग एवढंच पुरतं. हल्लीची बरीच सनस्क्रीनं वाळल्यावर इतकी मऊसूत होतात की वेगळ्या प्रायमरची गरजच राहत नाही.

राखाडी चेहरा

बऱ्याच सनस्क्रीनमध्ये ऊन अडवायला घातलेलं झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी पूड असते. सावळ्या, गव्हाळ रंगावर तिची राखाडी छटा येते. मग ती लपवायला फाउंडेशन जाड लावलं जातं, आणि दुपारपर्यंत ते ओठांच्या कडेला, हसण्याच्या रेषांत जमून बसतं. एक छटा गडद फाउंडेशन घेऊन मेळ घालायचा प्रयत्नही जमत नाही. घामाने थर हलला की चेहरा ठिपक्याठिपक्यांचा दिसतो.

त्यापेक्षा रंगछटा असलेलं, म्हणजे टिंटेड सनस्क्रीन घ्या. त्यातला रंग आयर्न ऑक्साइडमुळे येतो. ज्यांना वांग आहे त्यांच्यासाठी तर हे आणखी कामाचं. वांग नुसत्या अतिनील किरणांनी वाढत नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतं, आणि तो उजेड आयर्न ऑक्साइड अडवतं. बिनरंगाच्या सनस्क्रीनला ते फारसं जमत नाही. टिंटेड सनस्क्रीन नीट बसलं की वर फाउंडेशन हवंच असं नाही. डागांवर कन्सीलर टिपा, झालं. ऑफिसला जाणाऱ्या बहुतेक जणींना मी एवढंच सुचवते.

लग्नाच्या फोटोंत चेहरा भुतासारखा पांढरा आणि मान वेगळी, हा प्रकार फ्लॅशचा. ही पांढरी पूड फ्लॅशचा उजेड परत फेकते. वर सिलिकाची पारदर्शक पावडर भरपूर थापली असेल तर आणखीच. संध्याकाळचं रिसेप्शन बंद हॉलमध्ये असेल तर तेव्हा ऊन नाहीच, सनस्क्रीन वगळा. दिवसाचं लग्न असेल तर मेकअपच्या ट्रायलला मोबाइलचा फ्लॅश लावून एक फोटो काढून बघा. नुसत्या आरशावर विसंबू नका.

डोळे झोंबतात, काजळ पसरतं

घामाबरोबर सनस्क्रीन डोळ्यांत उतरतं. रासायनिक फिल्टरवाली, म्हणजे झिंक-टायटॅनियमच्या पुडीऐवजी रासायनिक घटकांनी ऊन अडवणारी सनस्क्रीनं जास्त झोंबतात. म्हणून डोळ्यांखाली लोक सनस्क्रीन लावतच नाहीत, आणि काळ्या वर्तुळांची तक्रार मात्र करतात. डोळ्यांभोवती तेवढं झिंकवालं किंवा स्टिकच्या रूपातलं सनस्क्रीन वापरा. ते सहसा झोंबत नाही आणि जागचं कमी हलतं. वर चिमूटभर लूज पावडर दाबली की काजळ-मस्कारा खाली उतरण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. पापणीवरचं सनस्क्रीन पावडरने बसवल्याशिवाय आयशॅडो लावू नका, पापणीच्या घडीत रेघ जमते.

स्कार्फचं काय करायचं?

पुण्यात स्कूटरवर बसलेल्या मुलीचे फक्त डोळे दिसतात. घट्ट विणीचा सुती स्कार्फ ऊन चांगलं अडवतो, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण तो नाक आणि गाल घासून काढतो, वर आत घाम साठतो. घरून पूर्ण मेकअप करून त्यावर स्कार्फ आवळायचा आणि ऑफिसात पोचल्यावर आरशात बघून हळहळायचं, यात काही अर्थ नाही. घरी फक्त सनस्क्रीन लावा, ते पूर्ण वाळू द्या, मग स्कार्फ. ऑफिसात पोचल्यावर घाम टिश्यूने टिपा (पुसायचा नाही), नाक-गालांवर पुन्हा थोडं सनस्क्रीन थापा आणि मग मेकअप करा.

मेकअपवर पुन्हा सनस्क्रीन

उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावायचं, हा नियम पक्का. केलेल्या मेकअपवर तो पाळणं अवघड, हेही तितकंच खरं. त्यातल्या त्यात कुशन, म्हणजे डबीतल्या स्पंजात भिजवलेलं सनस्क्रीन, बरं पडतं. आधी टिश्यूने तेल टिपा, मग कुशन दाबत दाबत लावा, घासू नका. स्टिक असेल तर ती थेट गालावर ओढू नका, खालचा बेस निघून येतो. स्पंजवर घासून घ्या आणि स्पंज टिपा. स्प्रे चेहऱ्यावर किती पडला ते कळत नाही आणि नाकातोंडात जातो. एसपीएफ पावडरने चमक जाते, पण तेवढ्यावर दुपारचं ऊन काढू नका. बारा-साडेबाराचा मुहूर्त आणि त्याआधी मोकळ्यावर फोटो असतील, तर करवलीच्या हातात छत्री द्या. नवरीचा बेस पुन्हा उकरण्यापेक्षा ते कितीतरी सोपं.

घरात किंवा ऑफिसात खिडकीपासून लांब बसत असाल, तर दर दोन तासांनी लावायची गरज नाही. खिडकीलगत बसत असाल तर गोष्ट वेगळी. साध्या काचेतून यूव्हीबी बहुतांश अडतं, पण यूव्हीए, म्हणजे दुसऱ्या प्रकारचे अतिनील किरण, आत येतं. गाडीच्या बाजूच्या काचेचंही तेच. म्हणून डब्यावर एसपीएफच्या जोडीला पीए आणि त्यापुढची अधिकची चिन्हं बघा. चार चिन्हं म्हणजे यूव्हीएपासून सगळ्यात जास्त संरक्षण.

सगळं नीट करूनही वळ्या निघत असतील तर

आदल्या रात्री काय केलंत ते आठवा. पाण्याला न दबणारं सनस्क्रीन आणि वरचा बेस एकदा फेसवॉश मारून पूर्ण निघत नाही. नाकाच्या कडेला, केसांलगत तो उरतो आणि सकाळचा पहिला थर त्याच्यावर बसतो. कोरड्या चेहऱ्यावर, कोरड्या हातांनी क्लेन्झिंग बाम किंवा क्लेन्झिंग ऑइल चोळा, मग थोडं पाणी लावून त्याला दुधाळ होऊ द्या, धुवा आणि त्यानंतर फेसवॉश लावा. खोबरेल तेलानेही मेकअप सुटतो, पण पुटकुळ्या येणाऱ्या त्वचेला ते सोसत नाही.