एका बोटाने हाड कसं दाखवावं : स्वतःचा सांगाडा चाचपून ओळखण्याची रीत

गेल्या जुलैत साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावरून उतरताना शेवाळावरून पाय घसरला आणि मी उजव्या तळहातावर आपटलो. आई म्हणाली, मुरगळलंय, हळद गरम करून लाव. दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्याने हाड बसवणाऱ्याकडे नेलं. त्याने मनगट धरून ओढलं, तेल चोळलं, पट्टी करकचून बांधली. चौथ्या दिवशी हात टम्म सुजला तेव्हा कुठे एक्स-रे काढायची बुद्धी झाली. फिल्म हातात घेण्याआधी डॉक्टरांनी एकच विचारलं, "एका बोटाने दाखवा, नक्की कुठे दुखतंय?" मी डाव्या हाताचा अख्खा पंजा उजव्या मनगटावर ठेवला. ते हसले. "हा झाला तालुका. गाव दाखवा."

प्लास्टर सहा आठवडे होतं. तेवढ्या काळात आठवीतल्या भाचीला हाताशी धरून मी स्वतःचा सांगाडा बोटांनी शिकलो. 206 हा आकडा आपण शाळेत एका मार्कासाठी पाठ करतो आणि विसरतो. पण त्या 206 पैकी पुष्कळशी हाडं कातडीखाली बोटाच्या टप्प्यात असतात. ती कशी शोधायची ते सांगतो.

तयारी

एक तास, घरातली फरशी, धुतलं की जाणारं स्केचपेन आणि पाठीवर बोट ठेवायला एक माणूस, एवढं पुरे. बोटाच्या टोकाने टोचू नका, पेराने हलकं दाबा. कातडी वरून सरकते, स्नायू ताणला की फुगतो, शीर बोटाखालून निसटते; हाड यातलं काहीच करत नाही. जिथे दुखरं आहे, सूज आहे, तिथे हा खेळ करायचा नाही.

पहिली पायरी : गळ्याखालून सुरुवात

तक्ते कवटीपासून सुरू होतात. मी म्हणेन गळ्यापासून करा, कारण तिथे चुकायला वावच नाही. गळ्याच्या खळगीत बोट ठेवा आणि तिथून बाजूला खांद्याकडे सरका. इंग्रजी एस अक्षरासारखं वळण घेत जाणारं हे गळपट्टीचं हाड. हात धडाला हाडामार्फत जोडलेला आहे तो फक्त इथे, उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या कोपऱ्यात. मागचं खांद्याचं पातं, ज्याला आपण खवाटा म्हणतो, ते बरगड्यांवर स्नायूंच्या आधाराने तरंगत असतं. हात वर केला की खवाटा कसा सरकतो ते जोडीदाराला तळवा ठेवून बघू द्या. गळपट्टीचं हाड हाताला छातीपासून लांब धरून ठेवतं, म्हणून खांद्यावर आपटलं की बरेचदा तेच मोडतं. पोटातल्या बाळात ते अगदी आधी तयार व्हायला लागतं आणि पुरतं जुळून यायला मात्र पंचविशीच्या आसपासचं वय उजाडतं.

आता खळगीतून सरळ खाली चार-पाच सेंटिमीटर या. उरोस्थीवर एक आडवी कड लागेल. ही कड म्हणजे मोजणीचा दगड. तिच्या दोन्ही बाजूंना जी बरगडी चिकटलेली आहे ती दुसरी. पहिली गळपट्टीच्या हाडाखाली दडलेली असते, ती शोधत बसू नका. दुसरीपासून खाली मोजत चला. एकूण 12 जोड्या. वरच्या सात कूर्चेने, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक अशा भागाने, थेट उरोस्थीला जोडलेल्या, आठवी ते दहावी वरच्या बरगडीच्या कूर्चेवर टेकलेल्या, आणि शेवटच्या दोन पुढून मोकळ्याच. दोन्ही तळवे बरगड्यांवर ठेवून खोल श्वास घ्या. बादलीची कडी उचलावी तशा बरगड्या बाहेर आणि वर येतात. फुप्फुसं आणि हृदय झाकणारी ही पेटी अशी हलती नसती, तर श्वास घेणं अवघड झालं असतं.

दुसरी पायरी : पाठ, आणि एक सुई

मान पुढे झुकवा. मानेच्या मुळाशी जो ठळक उंचवटा बोटाला लागतो तो बहुधा मानेचा सातवा, म्हणजे शेवटचा मणका. तिथून खाली जोडीदाराने एकेका उंचवट्यावर टिंब देत जायचं. मानेचे 7, पाठीचे 12, कमरेचे 5, मग पाच मणके जुळून झालेलं एक त्रिकास्थी आणि चार जुळून झालेलं माकडहाड. जन्मतः 33, मोठेपणी धरायचे 26. भाचीची मोजणी पहिल्यांदा अठरावर संपली, दुसऱ्यांदा बावीसवर. वाईट वाटून घेऊ नका. बोटाला लागतं ते मणक्याचं मागे आलेलं टोक, मणक्याचं मुख्य अंग खूप आत असतं.

आता कमरेवर दोन्ही हात ठेवून उभे राहा, भांडायला उभं राहतात तसे. हाताखाली आलेली कड खुब्याच्या हाडाची. दोन्ही कडांच्या माथ्यांना जोडणारी रेघ पाठीवर काढली तर ती साधारण कमरेच्या चौथ्या मणक्यावरून जाते. सिझेरियनच्या आधी पाठीत इंजेक्शन दिलेल्या कुणालाही विचारा. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आधी कमरेवर हात ठेवून हीच रेघ चाचपलेली असते. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, त्याखाली फक्त नसांचा झुबका उरतो. म्हणून सुई मज्जारज्जूच्या टोकाखालच्या फटीत घालतात. मला तरी अख्ख्या सांगाड्यात ही रेघ सगळ्यात कामाची वाटली.

सकाळी उठल्याउठल्या दाराच्या चौकटीला टेकून उंचीची खूण करा, रात्री जेवणानंतर परत करा. साधारण एक सेंटिमीटरचा फरक दिसेल. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभराच्या भाराने दबतात आणि झोपेत परत फुगतात.

तिसरी पायरी : हात

इथे वेळ द्या. कोपराचं टोक धरा. तिथून करंगळीच्या बाजूने खाली मनगटापर्यंत बोट सरकवत न्या. सलग धारदार कड लागते, मध्ये कुठेही स्नायूत बुडत नाही. हे अल्ना. कोपराच्या आतल्या बाजूला जो गोळा लागतो तो मात्र दंडाच्या हाडाचा, ह्यूमरसचा. त्याच्या मागच्या खाचेतून एक नस जाते. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात त्या या नसेच्या, हाडाच्या नव्हेत.

अंगठ्याच्या बाजूचं हाड रेडियस. कोपर पोटाला चिकटवा, तळवा आभाळाकडे करा, आणि तव्यावरची भाकरी उलटताना हात वळतो तसा पालथा करा. दुसऱ्या हाताने मनगटाच्या वर धरून हे केलं, तर रेडियस अल्नावरून तिरकं पलीकडे जाताना कळतं. किल्ली फिरवणं, पेचकस पिळणं, घास तोंडाकडे वळवणं, सगळं या एका युक्तीवर चालतं. मनगटाच्या सांध्यात मुख्य वाटा रेडियसचाच. त्यामुळे तळहातावर पडलो की धक्का मुख्यतः त्यानेच झेलायचा. माझं मोडलं ते म्हणूनच.

मनगटात आठ छोटी हाडं दोन ओळींत बसलेली आहेत, ती बाहेरून सुटी ओळखणं अवघड. तळहाताची पाच मात्र मूठ वळली की डोकी वर काढतात. त्याच उंचवट्यांवर आपण 31 चे महिने मोजतो. बोटांची हाडं मोजायला वेगळं शिकायची गरज नाही. जप मोजताना आजी अंगठा पेरापेरावर फिरवते. चार बोटांची तीन-तीन पेरं म्हणजे 12, आणि अंगठ्याची दोन. झाली 14. उसाच्या दोन डोळ्यांमधल्या कांड्यासारखं प्रत्येक पेरात एक हाड. आठ, पाच आणि चौदा मिळून एका हाताच्या पंजात 27.

चौथी पायरी : पाय

मांडीचं हाड शरीरात सगळ्यात लांब, उंचीच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढं, पण स्नायूंत इतकं बुडालेलं की हाताला फारसं लागत नाही. गुडघ्याची वाटी मात्र पाय सरळ सोडून सैल ठेवला की इकडेतिकडे सरकते. विहिरीवरची कप्पी करते तेच तिचं काम : मांडीच्या स्नायूची ओढ तिच्यावरून वळते आणि पाय सरळ करायला कमी जोर लागतो. नडगीवर स्नायूचं पांघरूण नाही. हाडावरच्या पातळ आवरणात संवेदना भरपूर. म्हणून खाटेचा कोपरा लागला की डोळ्यांपुढे तारे चमकतात. आतला घोटा नडगीचा, बाहेरचा शेजारच्या बारीक हाडाचा, आणि बाहेरचा थोडा खाली असतो. बघून घ्या.

पाऊल ओलं करून शहाबादी फरशीवर ठेवा. आतल्या बाजूला ठसा कोरडा राहिला तर तिथे कमान आहे. 26 हाडांची ही कमान प्रत्येक पावलाला थोडी दबते आणि परत उसळते. दोन पंजांची 54 आणि दोन पावलांची 52 मिळून 106 होतात. निम्म्याहून जास्त सांगाडा हातापायांच्या टोकांनाच आहे.

पाचवी पायरी : डोकं

कवटीत 22 हाडं, हलतं ते एकटं खालच्या जबड्याचं. कानापुढे बोट ठेवून तोंड उघडा, सांधा सरकताना लागेल. बाकीची दातेरी शिवणींनी जुळलेली असतात. बाळात ती जुळलेली नसतात, म्हणून तर टाळू भरायची पद्धत. समोरची मोठी टाळू दीड वर्षाच्या आसपास मिटते. जन्मतः 270 ते 300 हाडं असतात ती अशीच जुळत जुळत 206 वर येतात.

कानाचा पाळा आणि नाकाचा शेंडा सांगाड्यात शोधू नका, ती कूर्चा. हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये 1952 साली कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरचे. इथल्या गावागावांत कान मोडलेले पैलवान दिसतात. त्या कानात हाड मोडलेलं नसतं. रगडण्याने कूर्चा आणि तिच्या आवरणामध्ये रक्त साचतं आणि ते तसंच घट्ट होऊन बसतं. खरी हाडं कानाच्या आत आहेत, प्रत्येकी तीन. त्यातलं रिकिबीच्या आकाराचं जेमतेम तीन मिलिमीटरचं, शरीरातलं सगळ्यात लहान.

सहावी पायरी : हाडाच्या आत

रविवारच्या मटणातली नळी चोखणाऱ्याला मगज काय ते सांगायला नको. मोठ्या माणसाच्या लांब हाडांच्या पोकळीत बहुतेक चरबीच असते. रक्त तयार होतं ते उरोस्थी, बरगड्या, मणके आणि खुब्याच्या हाडात. वर ज्या कडेवर हात ठेवला, तिथूनच मगजाचा नमुना घेतात.

कोंबडीच्या तंगडीचं साफ केलेलं हाड पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि दिवसाआड व्हिनेगर बदला. पाच-सहा दिवसांत ते रबरासारखं वाकेल. आम्लाने कॅल्शियमचे क्षार विरघळतात, मागे राहतं कोलॅजेन नावाचं चिवट प्रथिन. याच्या उलट काय होतं ते संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठी अस्थी विसर्जनाला गेलेल्यांनी पाहिलंय. आगीत कोलॅजेन जळून जातं, क्षार उरतात, आणि सावडताना हाड चिमटीत चुरतं. जिवंत हाडाला दोन्ही लागतात, एक वाकून न मोडायला आणि एक भार सोसायला. माहुलीच्या घाटावर हे सुचायला नको होतं, पण वडिलांच्या वेळी तेच डोक्यात आलं.

शेवटची पायरी : पडल्यावर

आधी काही ओढायचं नाही आणि चोळायचं नाही. बोटांना मुंग्या येतायत का, ती हलतायत का एवढं बघा, फळीच्या नाहीतर जाड पुठ्ठ्याच्या आधाराने हात जसा आहे तसा बांधा, अंगठ्या आणि बांगड्या सूज चढायच्या आत काढा.

तळहातावर पडला असाल तर एक जागा लक्षात ठेवा. अंगठा ताणून मागे न्या, मनगटापाशी अंगठ्याकडे जाणाऱ्या दोन ताठ कंडरांच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) मध्ये एक खळगा पडेल. जुनी माणसं ओढण्याआधी तपकिरीची चिमूट इथेच ठेवायची. या खळग्याच्या तळाशी मनगटाच्या आठांपैकी एक हाड आहे, स्कॅफॉइड. ते मोडलं तरी हात वाकडा दिसत नाही, सूजही बेताची, आणि पहिल्या एक्स-रेत चीर बरेचदा दिसतच नाही. त्याला रक्तपुरवठा एका बाजूने होतो, त्यामुळे दुर्लक्ष झालं तर ते जुळायला त्रास देतं. म्हणून त्या खळग्यात बोट दाबल्यावर कळ आली, तर डॉक्टरांना नेमकं तिथेच बोट ठेवून दाखवा, आणि फिल्म स्वच्छ आली तरी दहा-बारा दिवसांनी परत काढायची का, हे विचारून घ्या.