शाळेच्या प्रयोगशाळेत आम्लांचे गुणधर्म कसे तपासावेत

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडून आम्लांचे गुणधर्म तपासून घेताना हायड्रोक्लोरिक आणि ॲसेटिक ही दोन आम्ले शेजारी शेजारी ठेवावीत आणि दोन्हींची संहती (द्रावणातील आम्लाचे प्रमाण) सारखीच ठेवावी, कारण ती वेगळी असल्यास दिसलेला फरक आम्लाच्या स्वभावामुळे पडला की पाणी कमी-जास्त झाल्यामुळे, हे सांगता येत नाही.

द्रावणे शिक्षकांनी आदल्या दिवशी करून ठेवावीत. लिटरला 1 मोल संहतीच्या 250 मिलि द्रावणासाठी 37 टक्क्यांचे संहत हायड्रोक्लोरिक आम्ल सुमारे 21 मिलि, तर निर्जल ॲसेटिक आम्ल सुमारे 14.5 मिलि लागते. चंचुपात्रात आधी 150 मिलि पाणी घ्यावे, त्यात आम्ल सावकाश सोडावे, ढवळावे आणि मग पाण्याने 250 मिलि पुरे करावे. आम्लात पाणी कधीही ओतू नये. सल्फ्युरिक आम्लाच्या बाबतीत तर निघणाऱ्या उष्णतेने पाणी उकळून आम्ल अंगावर उडते. ठाणे-बेलापूर रस्त्याने शाळेत येणाऱ्या मुलांना टँकरच्या मागील धोक्याच्या पाटीवर 1789 हा आकडा दिसला, तर तो हायड्रोक्लोरिक आम्लाचा आणि 1830 दिसला तर सल्फ्युरिक आम्लाचा, हे याच वेळी सांगून टाकावे. मुले तो विसरत नाहीत.

सर्वांनी चष्मा आणि सुती ॲप्रन घालावा. त्वचेवर थेंब पडल्यास त्यावर सोडा न चोळता ती जागा नळाच्या वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटे धरावी.

लिटमसची परीक्षा सर्वांना माहीत असते, म्हणून तिच्यावर फार वेळ घालवू नये. कागद बाटलीत न बुडवता काचकांडीने त्यावर एक थेंब ठेवावा. मात्र निळा लिटमस आणि संहत हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली एकाच कपाटात ठेवू नये, कारण बाटलीतून निसटणाऱ्या वाफांनी, विशेषतः आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत, कागद वापरण्याआधीच गुलाबी पडतो. हळदीचा कागद आम्लारीने लाल होतो, पण आम्लाने पिवळाच राहतो, त्यामुळे आम्ल ओळखण्यासाठी तो उपयोगाचा नाही.

आता मुख्य प्रयोग. दोन परीक्षानळ्यांत दोन्ही आम्लांचे प्रत्येकी 10 मिलि द्रावण घ्यावे. मॅग्नेशिअमच्या फितीचे 2 सेंमी लांबीचे दोन तुकडे, वरचा ऑक्साइडचा थर निघेपर्यंत पॉलिशपेपरने घासून, एकाच क्षणी नळ्यांत टाकावेत आणि घड्याळ सुरू करावे. हायड्रोक्लोरिक आम्लात जोरात बुडबुडे येऊन नळी हाताला गरम लागते, तर ॲसेटिक आम्लात तीच क्रिया रेंगाळत चालते. जळती काडी नळीच्या तोंडाशी नेल्यावर ‘फट्’ असा आवाज येतो, म्हणजे निघणारा वायू हायड्रोजन आहे. (या प्रयोगात नायट्रिक आम्ल घेऊ नये, ते ऑक्सिडीकारक असल्यामुळे बहुतेक वेळा हायड्रोजनऐवजी नायट्रोजनची ऑक्साइडे मिळतात.)

या ठिकाणी बहुतेक मुले वहीत लिहितात की ॲसेटिक आम्लाच्या नळीत आम्ल कमी आहे. ते लगेच खोडू नये, तपासायला लावावे. दोन्ही द्रावणे दहापट विरल करून प्रत्येकाचे 10 मिलि शंकुपात्रात घ्यावे, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकावेत आणि ब्युरेटमधून लिटरला 0.1 मोल संहतीचे सोडिअम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडावे. टिकणारा फिका गुलाबी रंग दोन्ही वेळा 10 मिलिच्या आसपासच येतो. म्हणजे आम्ल दोन्हीकडे सारखेच होते. फरक एवढाच की हायड्रोक्लोरिक आम्लाचे जवळजवळ सगळे रेणू पाण्यात विचरित होतात, म्हणजे आयनांत फुटतात, तर या संहतीच्या ॲसेटिक आम्लाचे शंभरात जेमतेम एक-सव्वा, आणि बाकीचे रेणू, हायड्रोजन आयन खर्ची पडतील तसतसे, विचरित होत जातात. म्हणूनच विरल करताच मोजलेला सामू (pH) एकाचा 1 तर दुसऱ्याचा 3 च्या जवळ येतो. ॲसेटिक आम्लासाठी मिथिल ऑरेंज वापरू नये, त्याचा रंग उदासिनीकरण पुरे होण्याच्या बराच आधी बदलतो.

कार्बोनेटसाठी संगमरवराचे तुकडे किंवा अंड्याचे कवच चालते. निघणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडल्यास ती दुधाळ होते आणि तो बराच वेळ सोडत राहिल्यास पुन्हा स्वच्छ होते, म्हणून वेळीच थांबावे. इथे सल्फ्युरिक आम्ल टाळावे, कारण तुकड्यांवर कॅल्शिअम सल्फेटचा थर बसून क्रिया अर्ध्यावर थांबते आणि सामग्री खराब आहे असा गैरसमज होतो.

आम्लपण पाण्याशिवाय प्रकट होत नाही, हे दाखवायला कोरड्या नळीत लिंबूसत्त्व आणि खाण्याचा सोडा एकत्र करावा. काहीच घडत नाही. पाण्याचा एक थेंब पडला की मिश्रण फसफसून वर येते. कोरड्या लिटमसवर लिंबूसत्त्वाचे खडे ठेवूनही हेच दाखवता येते, पण पावसाळ्यात कागद आधीच ओलसर असतो, म्हणून तो प्रयोग जानेवारीसाठी राखून ठेवावा.

उरलेली द्रावणे एका मोठ्या चंचुपात्रात जमवून बुडबुडे थांबेपर्यंत त्यात धुण्याचा सोडा घालावा आणि लिटमसने खात्री करून घेतल्यावरच ती भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडावीत.